वैद्यकीय कोशाची निवड : संज्ञा आणि वाक्प्रयोग

भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) शारीर, विकृतिशास्त्र अशा विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले. त्यांत इंग्रजी संज्ञेस मराठी पर्याय मिळतो. ग्रंथलेखनास तो उपयुक्त होय. परंतु पनवेलच्या एखाद्या रुग्णालयात प्रशिक्षण घेणाऱ्या परिचारिकेची गरज पुष्कळदा उलट दिशेची असते. 'अंगावरून जातंय' असे स्त्री-रुग्ण सांगते, तेव्हा तिला रक्तस्राव किंवा श्वेतप्रदर अभिप्रेत असतो. 'अंगावरून वारं गेलं' म्हणजे मात्र पक्षाघात. 'अंग' आणि 'जाणे' यांचे सुटे अर्थ देणारा कोश येथे कामाचा नाही. वाक्प्रयोगाची स्वतंत्र नोंद हवी. (या बाबतीत मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, वैद्यकीय नसूनही, अधिक उदार वाटतो.)

इंग्रजी वैद्यकीय कोश घेताना उपसर्गांच्या नोंदी आधी पाहाव्यात. 'हायपोग्लायसेमिया'त रक्तातील साखर उतरते, 'हायपरग्लायसेमिया'त चढते. ऐकण्यात चूक झाली तर उपचारच उलटतो. म्हणून उच्चार न देणारा कोश स्वस्त असला तरी घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्वयं-अध्ययन : 'घेरी', 'धाप' आणि 'मुंग्या येणे' हे प्रयोग आपल्याजवळील कोशात शोधा. कोणती नोंद सापडली नाही, ते लिहा.