राखेखालचे नगर

इटली देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर नेपल्सचा उपसागर आहे. प्राचीन काळी त्याच्या एका टोकाला मिसेनम नावाचे बंदर होते आणि तेथे रोमन साम्राज्याचे आरमार नांगर टाकून उभे असे. इ. स. ७९ मधील गोष्ट. दुपारी एकच्या सुमारास त्या बंदरातील एका घरी सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या आईला उपसागराच्या पलीकडे एक विलक्षण मेघ वर चढताना दिसला. उंच, सरळ खोड आणि माथ्यावर छत्रीसारख्या पसरलेल्या फांद्या असलेल्या पाइन वृक्षासारखा त्याचा आकार होता. तो पावसाचा मेघ नव्हता. व्हेसूव्हियस पर्वत जागा झाला होता!

त्या मुलाचे नाव प्लिनी. त्याच्या मामांचे नावही प्लिनीच. मामा आरमाराचे प्रमुख होते, आणि त्याहून अधिक म्हणजे ते मोठे ज्ञानपिपासू होते. सृष्टीतील यच्चयावत गोष्टींची माहिती देणारा सदतीस भागांचा ग्रंथ त्यांनी लिहिला होता. हा चमत्कार जवळून पाहावा म्हणून त्यांनी होडी तयार करण्यास सांगितले आणि भाच्यास विचारले, “येतोस का?” भाचा म्हणाला, “मी अभ्यासच करीत बसतो.” मामांनीच त्याला काही लेखन नेमून दिले होते. इतक्यात पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका बाईकडून निरोप आला : ‘आम्हांला वाचवा.’ मामांनी लहान होडी बाजूला सारली आणि मोठी जहाजे लोकांच्या सुटकेसाठी हाकारली. ज्ञानासाठी निघालेला मनुष्य माणसांच्या साहाय्यास धावला. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच त्यांना मृत्यू आला. पुढे कित्येक वर्षांनी भाच्याने हा सारा वृत्तान्त टॅसिटस या इतिहासकारास पत्रांतून कळविला. ती पत्रे सुदैवाने आजही उपलब्ध आहेत.

व्हेसूव्हियसच्या पायथ्याशी पाँपेई नावाचे एक गजबजलेले नगर होते. त्या दुपारपासून रात्रभर त्याच्यावर हलक्या, सच्छिद्र दगडांचा वर्षाव झाला. छपरे कोसळली. पुष्कळ लोक पळून गेले. परंतु जे मागे राहिले, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तप्त वायू आणि राख यांच्या लोटांनी गाठले. नगर कित्येक मीटर खोल गाडले गेले. वर माती साचली, द्राक्षांचे मळे वाढले आणि खाली एक नगर आहे, याचाही लोकांस विसर पडला.

सुमारे सतराशे वर्षांनी, १७४८ साली, नेपल्सच्या राजाच्या आज्ञेवरून तेथे खोदकाम सुरू झाले. पण कशासाठी? राजवाडा सजविण्यासाठी! सुंदर मूर्ती दिसली की ती उचलावी, चांगले चित्र दिसले की ते भिंतीतून कापून काढावे आणि उरलेले पुन्हा मातीने बुजवून टाकावे, अशी तेव्हाची रीत होती. आपण कोणत्या गावात खणीत आहोत, हेसुद्धा खणणाऱ्यांस ठाऊक नव्हते. १७६३ साली एक शिलालेख सापडला, तेव्हा कोठे ‘पाँपेई’ हे नाव निश्चित झाले.

ही दृष्टी पालटण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. १८६३ साली ज्युसेप्पे फियोरेल्ली हे विद्वान उत्खननाचे प्रमुख झाले. त्यांनी नगराचे विभाग पाडून प्रत्येक घरास क्रमांक दिला. घरात बाजूने भोसकून न शिरता वरून हळूहळू, थराथराने उतरावयाचे, असा नियम त्यांनी घातला. मग घट्ट झालेल्या राखेत मधूनच पोकळ्या आहेत, असे आढळून आले. माणसांची शरीरे काळाच्या ओघात नाहीशी झाली होती. मात्र त्यांच्या भोवती राखेचा साचा तसाच राहिला होता. फियोरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत पातळ प्लास्टर ओतले, ते वाळू दिले आणि मग बाहेरची राख दूर केली. काय दिसले? तोंडावर हात घेऊन निजलेला मनुष्य. वस्त्रांच्या चुण्यादेखील स्पष्ट! पुढे १८७४ साली याच रीतीने एक कुत्रा सापडला. तो साखळीने बांधलेला होता आणि सुटण्यासाठी धडपडत त्याने अंग पिळवटले होते. राजवाड्यासाठी मूर्ती शोधणाऱ्यांस त्या पोकळीत काहीच दिसले नसते. जे ‘काहीच नाही’ असे वाटत होते, त्यातच सर्वांत मोलाचे दडले होते.

अशा डोळ्यांनी पाहू लागल्यावर सबंध नगर बोलू लागले. रस्त्यांच्या फरसबंदीवर गाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या आहेत. पाय न भिजता रस्ता ओलांडता यावा म्हणून मधोमध उंच दगड बसविलेले आहेत. एका पावाच्या भट्टीत एक्याऐंशी पाव सापडले. ते जळून कोळसा झाले होते, पण त्यांचा आकार शाबूत होता. भिंतींवर निवडणुकीच्या घोषणा रंगविलेल्या आहेत : अमक्यास मत द्या, तो सज्जन आहे! एका घराच्या दारात रंगीत खड्यांनी काळा कुत्रा रेखाटला असून त्याखाली लिहिले आहे, ‘कुत्र्यापासून सावध राहा’. दोन हजार वर्षांपूर्वीचे ते वाक्य आज कोणत्याही गल्लीत शोभेल.

त्याच घरात आणखी एक चित्र होते. ते आता नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्याचा विषय ग्रीक पुराणातील आहे. ट्रॉय नगरीवर स्वारी करण्यासाठी ग्रीकांचे आरमार निघाले. पण वारा पडला आणि गलबते जागीच खिळली. राजा अ‍ॅगमेम्नॉन याने आर्टेमिस देवीस दुखविले होते. “राजकन्या इफिजेनिया हिचा बळी दिल्यावाचून वारा सुटणार नाही,” असे भविष्यवेत्त्याने सांगितले. चित्रात दोन पुरुष त्या मुलीस उचलून नेत आहेत आणि ती वर हात पसरून आक्रोश करीत आहे. वर आकाशात देवी आहे व तिच्यासाठी एक हरिणी आणली जात आहे. कारण अखेरच्या क्षणी देवी मुलीऐवजी हरिणी स्वीकारते, अशी कथा आहे. आणि पिता? तो एका बाजूस उभा आहे. त्याने आपले तोंड वस्त्राने झाकून घेतले आहे.

चित्रकाराने पित्याचा चेहरा का दाखविला नाही? याचे उत्तर आपल्याला मघाच्या प्लिनीमामांच्या ग्रंथात मिळते. टिमँथीझ नावाच्या जुन्या ग्रीक चित्रकाराविषयी त्यांनी लिहिले आहे की, इतरांचे दुःख रंगवून झाल्यावर पित्याच्या दुःखास योग्य असा चेहराच त्याला सुचेना. म्हणून त्याने तो झाकला. ग्रीसमधील ती कल्पना रोमन लोकांनी आवडीने उचलली आणि एका घराच्या भिंतीवर रंगविली. पुराणकथा, चित्र, ग्रंथ आणि उत्खनन ही चारही अशी एकमेकांस उजळतात. एकास सोडून दुसरे पाहिले, तर आनंद अर्धाच मिळतो.

प्लिनीमामांच्या त्याच ग्रंथात आपल्या देशाविषयीही एक तक्रार आहे. भारतीय माल विकत घेण्यात रोमन साम्राज्याचे कोट्यवधी सेस्टर्स, म्हणजे त्यांची नाणी, दरवर्षी बाहेर जातात, असे ते लिहितात. या तक्रारीची साक्ष पाँपेईच्या राखेनेच दिली. १९३८ साली तेथे सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावरील दागिने आणि उभे राहण्याची ढब यांवरून ती भारतीय आहे, हे लगेच ओळखू आले. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता ती यक्षी असावी, असे अनेकांचे मत आहे. आपल्या महाराष्ट्रात भोकरदन आणि तेर येथे तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती सापडल्या. म्हणून ती सातवाहनांच्या राज्यात घडली असावी, असे काही विद्वान मानतात. तिच्यावर खरोष्ठी लिपीतील एक अक्षर कोरलेले आहे. ती लिपी वायव्येकडील असल्यामुळे दुसरे काही विद्वान तिकडे बोट दाखवितात. उलट, भूमध्य समुद्राकडची एक वस्तू आपल्याकडेही आली आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची एक लहानशी कांस्यमूर्ती सापडली. ती तेथील टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे. पंचगंगेच्या काठी समुद्रदेव आणि व्हेसूव्हियसच्या पायथ्याशी यक्षी! व्यापाऱ्यांच्या गलबतांनी केवढा हा सेतू बांधला होता!

परंतु, मुलांनो, प्राचीन वस्तू पाहताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. आपले मन फार लवकर गोष्ट रचते. पाँपेईत एका प्रौढ व्यक्तीचा व तिच्याजवळील लहान मुलाचा ठसा आहे. त्या व्यक्तीच्या हातात सोन्याचे कडे होते. ‘ही आई आणि हे तिचे बाळ,’ असे सर्वांनी वर्षानुवर्षे मानले. ठशात राहिलेल्या हाडांतील आनुवंशिक द्रव्याची परीक्षा शास्त्रज्ञांनी केली व तिचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. ती व्यक्ती पुरुष होती आणि त्या मुलाशी तिचे रक्ताचे नाते नव्हते! मग त्या भयंकर घटकेस तो मनुष्य परक्याचे मूल घेऊन का थांबला होता? हे कोणालाच सांगता येणार नाही. तरी सत्य कळल्याने त्या दृश्याचे मोल उणे झाले, असे तुम्हांस वाटते काय?

उद्रेकाच्या तिथीचेही तसेच. प्लिनीच्या पत्रांच्या हस्तलिखितांवरून ती २४ ऑगस्ट मानली जात असे. २०१८ साली एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली एक ओळ सापडली. तीत १७ ऑक्टोबर ही तिथी होती. कोळशाची अक्षरे सहसा फार दिवस टिकत नाहीत. तेव्हा ती त्याच वर्षीची असावी आणि उद्रेक ऑक्टोबरात झाला असावा, असे पुष्कळ विद्वानांस वाटू लागले. कोणा अनामिकाने सहज ओढलेल्या रेघोट्यांनी ग्रंथांतील तिथीस आव्हान दिले.

आजही तेथे नवेनवे सापडत आहे. २०२४ साली काळ्या भिंतींचे एक मोठे भोजनगृह उजेडात आले. त्या भिंतींवर सुंदरी हेलन व राजपुत्र पॅरिस यांची भेट रंगविलेली आहे. दिव्यांची काजळी दिसू नये, म्हणून भिंती काळ्या केल्या असाव्यात. असे असूनही पाँपेईचा सुमारे एक तृतीयांश भाग मुद्दाम न खणता ठेवलेला आहे. याचे कारण नीट ध्यानात घ्या. मातीचा थर एकदाच खणता येतो. पुस्तकाचे पान वाचताच ते जळून जावे, तसे हे वाचन आहे. शिवाय जे उघडे पडले, त्यास ऊन, पाऊस आणि माणसे यांचा त्रास होतो. २०१० साली तेथील एक प्रसिद्ध इमारत कोसळून पडली. उद्याच्या लोकांजवळ आपल्याहून चांगली साधने असतील. म्हणून काही पाने त्यांच्यासाठी मिटलेलीच ठेवावीत, हे शहाणपण होय.

कॅनडातील एका बाईने तरुणपणी पाँपेईहून रंगीत खडे आणि खापराचे तुकडे गुपचूप उचलून नेले होते. पंधरा वर्षांनी, २०२० साली, तिने पत्र लिहून क्षमा मागितली आणि ते परत धाडले. त्या तुकड्यांमुळे आपल्यावर संकटे आली, असे तिला वाटत होते. संकटांचे कारण तुकडे नव्हेत, हे आपण जाणतो. पण तिने ते परत केले, हे मात्र योग्यच झाले. जागेवरून उचललेले खापर मुके होते. ते कोणत्या घरातले, कोणत्या थरातले, कोणाच्या शेजारचे, हे ते पुन्हा कधीच सांगू शकत नाही.

तुमच्या गावाजवळही एखादे पांढरीचे टेकाड असेल, पडकी गढी असेल, वीरगळ असेल. तेथे जा, पुष्कळ वेळ पाहा, चित्र काढा, गावातील वडील माणसांस विचारा. भिंतीवर नाव कोरू नका, खापर खिशात घालू नका. राजाच्या खणणाऱ्यांना मूर्ती मिळाल्या; फियोरेल्लींना माणसे भेटली. यांपैकी अधिक श्रीमंत कोण, याचा तुम्हीच विचार करा.

शब्दार्थ

यच्चयावत – जेवढ्या आहेत तेवढ्या सर्व. चाकोरी – चाकाने पडलेला चर. शाबूत – न मोडलेले. ढब – पद्धत, ऐट. पांढरी – जुन्या वस्तीची माती असलेली जागा. वीरगळ – लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिशिला.

स्वाध्याय

१. थोरल्या प्लिनींनी लहान होडीऐवजी मोठी जहाजे का नेली?
२. १७४८ चे खोदकाम आणि फियोरेल्ली यांचे खोदकाम यांतील फरक सांगा.
३. चित्रकाराने अ‍ॅगमेम्नॉनचे तोंड झाकलेले का दाखविले असावे? तुम्ही चित्रकार असता, तर काय केले असते?
४. ‘जागेवरून उचललेले खापर मुके होते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. जवळच्या वस्तुसंग्रहालयात किंवा जुन्या वास्तूत जाऊन एका वस्तूचे वर्णन दहा ओळींत लिहा. जे डोळ्यांनी दिसले ते आधी लिहा. जे मनाने ताडले ते वेगळे लिहा.