शहाबादी फरशी आणि लाल किल्ल्याचा दगड

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्टने व्यापलेला आहे. तेव्हा गाळाचे खडक पाहायचे तर लांब कुठेतरी जावे लागेल, असे तुम्हाला वाटेल. पण जुन्या घरांच्या न्हाणीघरात, स्वयंपाकघरात किंवा शाळेच्या व्हरांड्यात पायाखाली जी निळसर-करडी शहाबादी फरशी असते, ती गाळाच्या खडकाचीच! कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद नावाचे गाव आहे. त्यावरून तिला हे नाव पडले. हा झाला चुनखडक. दुसरा खडक तुम्ही निदान चित्रात तरी पाहिला असेल. दिल्लीचा लाल किल्ला ज्या तांबड्या दगडात बांधला आहे, तो वालुकाश्म.

दोन्ही खडक थरावर थर साचून तयार झाले, म्हणून दोन्हींच्या लाद्या निघतात. मग फरक कशात? त्यांचा माल पाण्यातून कसा आला, यात.

चहाच्या कपाचे उदाहरण घ्या. गाळणीतून सुटलेली चहाची भुकटी तळाशी बसते, ती दिसते. साखर मात्र दिसत नाही. ती विरघळलेली असते. वालुकाश्माचा माल त्या भुकटीसारखा आणि चुनखडकाचा साखरेसारखा.

डोंगरातील खडक ऊनपावसाने फुटतात, कुजतात. त्यातील बरीच खनिजे नरम पडून त्यांची माती होते, पण गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, कण टिकून राहतात. नदी त्यांना लोळवीत, घाशीत पुढे नेते आणि प्रवाह मंदावला की खाली टाकते. पुढे त्यांच्यावर नव्या थरांचा भार पडतो, मधल्या फटींतून झिरपणारे पाणी सिलिका, चुना किंवा लोहाची संयुगे आणून बसवते आणि सुटी वाळू घट्ट चिकटते. लाल किल्ल्याच्या दगडाचा तांबडा रंग वाळूचा नव्हे बरे का, तो लोहाच्या ऑक्साइडचा आहे.

चुन्याची गोष्ट वेगळी. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल बनते, खडकातील कॅल्शियम विरघळवते आणि गुपचूप समुद्रात नेऊन सोडते. उबदार, उथळ आणि नितळ समुद्रात त्याचे कॅल्शियम कार्बोनेट बनून तळाशी साचते. पुष्कळदा हे काम जीव करतात. शंख, शिंपले, प्रवाळ आपली कवचे यातूनच घडवतात. शहाबादी फरशीत मात्र शंख शोधत बसू नका. तो खडक कवचाचे प्राणी पृथ्वीवर अवतरण्यापूर्वीचा आहे.

आता परीक्षा. फुटक्या फरशीचा एक तुकडा घ्या. पोलादी खिळ्याने ओरखडा काढा. चुनखडकावर तो सहज उठतो, कारण कॅल्साइटची कठिणता फक्त 3 आहे. क्वार्ट्‌झची आहे 7. म्हणून वालुकाश्माच्या कणावर ओरखडा उठत नाही, फार तर कणच सुटून येतो. मग ओरखड्याच्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगातून पाहा. चुनखडकावर बारीक बुडबुडे दिसतील. तो कार्बन डायऑक्साइड. शाळेतील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने हेच जोरात फसफसते, पण तो प्रयोग शिक्षकांसमोरच करा. शहाबादी फरशीवर लिंबू सांडले की पांढरा डाग का पडतो आणि ती अ‍ॅसिडने का धुऊ नये, हे आता सांगायला नको. (घरातील चांगल्या फरशीवर परीक्षा घेतलीत, तर बोलणी तुम्हीच खा!)

इथवर सोपे आहे. पण मुंबईच्या फोर्ट भागातील जुन्या इमारतींत वापरलेला पोरबंदरचा दगड पाहा. मलईच्या रंगाचा, हाताला रवाळ लागणारा, करवतीने कापता येईल इतका मऊ. कोणीही त्याला वालुकाश्म म्हणेल. पण तो फसफसतो! त्यातील बहुतेक कण गारगोटीचे नसून सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचे आणि चुन्याच्या गोळ्यांचे आहेत. दिसायला वाळू, पण आहे चुनखडक.

उलट प्रकारही आढळतो. काही वालुकाश्मांत कणांना चिकटवणारा पदार्थ चुनाच असतो, तेव्हा तेही फसफसतात. मग ओळखायचे कसे? तुकडा काचेच्या पेल्यात व्हिनेगरमध्ये बुडवून काही दिवस ठेवा, बुडबुडे थांबले की व्हिनेगर बदला. चुनखडक झिजून लहान होत जाईल आणि तळाशी थोडी बारीक माती राहील. वालुकाश्माचा नुसता डिंक विरघळेल. बोट लावताच तुकडा ढासळेल आणि पेल्याच्या तळाशी एखाद्या प्राचीन नदीची वाळू पुन्हा सुटी झालेली दिसेल.