दोघांचे एक पुस्तक

मुलांचे चित्रांचे पुस्तक कसे होते, ते पाहू या.

दुबळा शहाणा बलाढ्य वाघाला फसवतो, अशी चीन देशाची जुनी गोष्ट आहे. विलायतेच्या लेखिका ज्युलिया डोनाल्डसन यांनी ती उंदराची केली. गोष्ट पद्यात होती. वाघ काही यमकात बसेना! मग त्यांनी नवाच प्राणी रचला. त्याचे नाव ग्रफलो.

असा प्राणी कोणी पाहिला होता? कोणीच नाही. चित्रकार अ‍ॅक्सेल शेफलर यांनी तो मनानेच काढला. पहिली चित्रे भेसूर झाली. लेकरं भितील, असे संपादकांना वाटले. मग शेफलर यांनी ग्रफलो जरा गोल, गुबगुबीत केला. जनावरांना कपडे कोणते घालावेत, असेही त्यांनी विचारले. लेखिकेच्या मनात जनावरे उघडीच होती. तशीच ती काढली.

१९९९ साली पुस्तक निघाले. शब्द एकीचे, चित्रे दुसऱ्याची. पण दोन्ही जुळली, म्हणून गोष्ट एकच झाली.

आता आपल्याला अक्षरे येतात. असे एखादे पुस्तक आणा. लेकराला जवळ घ्या. शब्द तुम्ही वाचा. चित्र त्याला वाचू द्या. तुम्हाला न दिसलेले ते दाखवील, बरं का!