तांब्याची चकती

मुलांनो, विजेरी तुम्ही सर्वांनीच हाताळली असेल. आंगठ्याने कळ पुढे सारली की दिवा लागतो, मागे ओढली की विझतो. ही क्रिया इतकी सोपी आहे, की आपण काही विशेष करीत आहोत असे आपल्या मनातही येत नाही. परंतु ज्याचा आंगठा त्याच्या आज्ञेत नाही, त्याच्या दृष्टीने ती इवलीशी कळ म्हणजे कुलूप घातलेला दरवाजाच होय.

माझ्या धाकट्या बहिणीची नात नऊ वर्षांची आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाल्यामुळे तिचे हातपाय तिच्या इच्छेप्रमाणे हलत नाहीत. एखादी वस्तू धरू गेली, तर मूठ उघडण्याऐवजी अधिकच आवळते. या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी असे म्हणतात. बुद्धी मात्र मोठी तल्लख! गेल्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मी ढोल वाजविणारे एक माकड घेऊन गेलो. माकडाच्या पाठीवरची कळ मी सरकविली, माकडाने ढोल बडविला आणि ती खळखळून हसली. थोड्या वेळाने मी पुन्हा कळ सरकविली, तेव्हा मात्र तिने मान फिरविली.

"हिला खेळणे आवडले नाही का ग?" मी तिच्या आईला विचारले.

"आवडलं हो मामा, पण ते तिचं कुठं आहे? वाजवता तुम्ही, ती नुसती बघते."

सारा जन्म मुलांत घालविलेल्या माणसाला हे कोणी सांगावे लागू नये. पण सांगावे लागले खरे.

पुढे तिच्या शाळेतील शिक्षिकेने जी युक्ती दाखविली, ती पाहून मी थक्क झालो. खेळणे मोडावयाचे नाही, त्याचे अंतरंग उघडावयाचेही नाही. एक लहानशी चकती घ्यावयाची. तिच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा पातळ पत्रा असतो आणि मधोमध वीज जाऊ न देणारा थर. प्रत्येक पत्र्याला डाख देऊन एकेक बारीक तार जोडलेली असते. ही चकती सेल आणि त्याला टेकणारी धातूची पट्टी यांच्यामध्ये सरकवावयाची व तारा झाकणाच्या फटीतून बाहेर काढावयाच्या. तारांच्या टोकाला इयरफोन खोचण्यासाठी असते तसे ३.५ मिलिमीटरचे छिद्र बसविलेले असते. त्यात तळहाताएवढ्या मोठ्या बटणाची तार खोचली, की काम झाले.

यातील मर्म असे : वीज सेलच्या एका टोकातून निघून यंत्रातून फिरते व दुसऱ्या टोकाशी परत येते. हा फेरा कोठेही तुटला, की यंत्र थांबते. चकतीतील मधला थर तो फेरा तोडतो. म्हणून माकडाच्या पाठीवरची कळ कायम चालू ठेवली, तरी माकड गप्प. मोठे बटण दाबताच दोन्ही तारा एकमेकींस मिळतात, फेरा पुरा होतो आणि ढोल वाजू लागतो.

मात्र ही युक्ती सर्वत्र चालत नाही. काही खेळण्यांत कळ सरकवावयाची नसते. बटण क्षणभर दाबले की ते सुरू होते. अशा खेळण्याची वीज चकतीने तोडली, तर पुन्हा जोडल्यावर ते स्वस्थच बसते. तेथे खेळणे उघडून त्याच्या बटणाच्या दोन टोकांनाच तारा जोडाव्या लागतात. आणि ते जाणत्याचे काम. भिंतीतील विजेवर चालणाऱ्या वस्तूंवर तर असला प्रयोग कोणीही, कधीही करू नये. दीड-दीड व्होल्टचे दोन सेल निराळे आणि घरातील २३० व्होल्ट निराळे!

अंगाच्या ज्या भागावर थोडीबहुत हुकमत असेल, त्याच्याजवळ बटण ठेवण्याचा विचार काही नवा नाही. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात हातपाय लुळे पडलेल्या रुग्णांसाठी रेज मेलिंग यांनी १९६० च्या सुमारास एक यंत्र सिद्ध केले. नळीतून फुंकर मारून वा हवा ओढून रुग्ण घंटा वाजवी, दिवा लावी, टंकलेखनही करी. त्याचे नाव 'पॉसम'. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ 'मी करू शकतो' असा आहे.

आमच्या नातीसाठी बटणाची जागा शोधण्यात मात्र आठवडा गेला. मुठीने ते दाबले जाईना. कोपराने दाबले जाई, पण सुटत नसे. अखेर खुर्चीच्या पाठीला, डाव्या गालाजवळ ते बांधले. तिने मान किंचित कलती केली आणि ढोल दणाणला. ती दचकली. मान सरळ झाली, ढोल थांबला. तिने आमच्याकडे पाहिले, माकडाकडे पाहिले आणि पुन्हा मान कलती केली.

त्यानंतर मी चार दिवस तेथे राहिलो. दुपारी मी आडवा होऊन डोळे मिटले की ढोल वाजे. डोळे उघडले की बंद! तिसऱ्या दिवशी तिची आई रागावून म्हणाली, "मामा, चकती काढून ठेवू का?"

मी म्हणालो, "राहू दे."

आणि कुशीवर वळून पुन्हा डोळे मिटले.