बाबुन्याचा चहा पिण्याआधी

कॅमोमाइलच्या चहावर माझा राग नाही. युनानी हकीम हेच फूल बाबूना म्हणून पूर्वापार वापरत आले आहेत. वाळलेलं फूल उभं चिरून पाहा, मधला पिवळा उंचवटा आतून पोकळ निघेल. जर्मन कॅमोमाइल ओळखायची ती खूण. गरम पाणी ओतून कप पाचेक मिनिटं झाकून ठेवला आणि झाकण काढलं की सफरचंदासारखा वास येतो. ग्रीकांनी त्याला ‘जमिनीवरचं सफरचंद’ म्हटलं ते उगाच नाही. माझी तक्रार आहे ती त्याला ‘झोपेचं नैसर्गिक औषध’ म्हणण्याबद्दल, कारण त्या शब्दांवर विसंबून माणसं महिनोन्‌महिने जागी राहतात.

जर्मनीत हा चहा घरोघरी असतो, पण तिथे तो आधी पोटासाठी आठवतो. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने या फुलाचे पारंपरिक उपयोग मान्य केले, त्यांत पोटाच्या किरकोळ तक्रारी, सर्दी, तोंड-घशाचा दाह आणि त्वचेची जळजळ आहे, झोप नाही. झोपेच्या दाव्यामागे एपिजेनिन नावाचं द्रव्य आहे. झोपेच्या काही गोळ्या मेंदूत जिथे काम करतात, तिथेच ते चिकटतं. पण प्रयोगशाळेत चिकटणं आणि कपभर चहाने डोळा लागणं यांत मोठं अंतर आहे. २०११ साली अमेरिकेत जुनाट निद्रानाशाच्या ३४ रुग्णांवर २८ दिवस अर्काची चाचणी झाली. खोट्या गोळ्यांच्या तुलनेत झोपेत लक्षणीय फरक दिसला नाही. तैवानमध्ये झोप बिघडलेल्या ८० बाळंतिणींच्या अभ्यासात दोन आठवडे चहा घेणाऱ्यांना थोडा आराम पडला, पण चहा थांबल्यावर तो टिकला नाही. इराणमधल्या वृद्धांना फायदा झाल्याचं दिसलं, हेही सांगायला हवं. मात्र त्यांना अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, चहा नव्हे.

“पण मला तर लागते झोप!” असं कुणी म्हटलं तर मी ते खरंच मानेन. मोबाइल बाजूला पडतो, दिवा मंद होतो, दहा मिनिटं माणूस गरम कप हातात धरून स्वस्थ बसतो. रात्री नऊच्या साध्या चहाच्या जागी हा कप आला असेल तर मोठा फायदा त्या सुटलेल्या चहाचा, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. चार दिवसांच्या काळजीने मोडलेल्या झोपेला एवढं पुरतंही. मात्र आठवड्यातल्या तीन-तीन रात्री, तीन महिने झोप येत नसेल, किंवा जोरात घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर कप भरत बसू नये. घोरण्यामागे स्लीप ॲप्निया असू शकतो, जागरणामागे थायरॉइड किंवा नैराश्य असू शकतं, आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. जुनाट निद्रानाशावर तर गोळीच्याही आधी वर्तनोपचार करावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये सांगितलं.

“निदान अपाय तर नाही ना?” हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त खटकतो. कॅमोमाइल शेवंती-झेंडूच्या कुळातलं. १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास नजरेत आलेलं आणि आता रानोमाळ माजलेलं गाजरगवतही त्याच कुळातलं. त्याच्या नुसत्या स्पर्शाने ज्यांच्या हाता-मानेवर खाज उठते, त्यांनी हा चहा सहज म्हणून तोंडाला लावू नये. रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी तर फारच जपावं. कॅनडातल्या सत्तर वर्षांच्या एका बाईंची नोंद तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात २००६ साली छापून आली: वॉरफॅरिन चालू, जोडीला रोज चार-पाच कप हा चहा आणि त्याच फुलाचं लोशन. त्यांना शरीरात आतल्या आत रक्तस्राव झाला. एरवी साधारण २ ते ३.५मध्ये राखला जाणारा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, ७.९ निघाला. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही, आणि चार-पाच कप म्हणजे जास्तच, हे मान्य. तरी आपल्याकडे हृदयाची झडप बदललेल्या कितीतरी घरांत वॉरफॅरिनची पट्टी असते, आणि त्याच घरात कुणीतरी प्रेमाने हे पाकीट आणून देतं. झोपेची गोळी घेणाऱ्याची गुंगीही या चहाने वाढू शकते. डॉक्टर “आणखी काही घेता का?” विचारतात तेव्हा चहा कुणाच्या लक्षातच येत नाही. तो सांगावा, दिवसाचे किती कप तेही सांगावं, आणि पाकीट पिशवीत टाकून सोबत न्यावं.