वळण आणि शिरस्त्राण

वळण घेताना दुचाकी आतल्या बाजूस झुकवावी लागते. लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किलोमीटर वेगास सुमारे २७ अंशांचा झुकाव पुरतो. वेग ५० झाला की तो ४५ अंशांच्या जवळ जातो, आणि कोरड्या रस्त्यावरही सामान्य टायरची पकड तेथे संपत येते. म्हणूनच वळणावरील चूक बहुधा वळणापूर्वीच, वेग वेळीच न आवरल्याने, घडलेली असते. मग घाबरलेला चालक ब्रेक करकचून दाबतो. वळण्यासाठी हवी असलेली पकड त्यात खर्च होऊन चाक घसरते.

सांडलेले तेल किंवा वाळू मात्र सावध चालकालाही पाडते. तेथे संरक्षक पोशाख कामी येतो. १९३५ साली टी. ई. लॉरेन्स मोटारसायकल अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांना तपासणारे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे अशा मृत्यूंचा अभ्यास करून १९४१ साली शिरस्त्राणाची उपयुक्तता दाखवून दिली. शिरस्त्राणाचे अस्तर स्वतः चिरडून आघात शोषते. जाड चामड्याचे हातमोजे कातडी वाचवतात. मात्र हनुवटीखालचा पट्टा बांधलेला नसेल, तर शिरस्त्राण पडताक्षणीच निसटते.