टार्गेट चुकलं, पगार कापला!

प्रश्न : मी तानसा परिसरात राहते. आटगावहून लोकलने ठाण्याला जाते, फोनवर सहलींची पॅकेजेस विकते. टार्गेट हुकलं की मूळ पगार कापतात, रात्री उशिरापर्यंत थांबवतात. काय करू?

उत्तर : इन्सेंटिव्ह बुडेल, एवढं चालतं. टार्गेटपायी मूळ पगाराला कात्री लावणं वेतन कायद्यात बसत नाही. जादा कामाचे पैसे दुप्पट दराने मिळायला हवेत. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती दिलीत तरी घरापर्यंत वाहन द्यावं लागतं. आटगावला सोडलं म्हणजे झालं, असं नव्हे! या ताणाने झोप उडाली असेल तर १४४१६ वर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे. पगारपत्रकं जपा आणि ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या.